नववी नाशिकला, दहावी न्यू जर्सीत: क्रेडिटं कशी मोजतात आणि इतक्या परीक्षा कशाला?

गोदाकाठ · १२ जानेवारी २०२५

नमस्कार मंडळी. इथे गेली कित्येक वर्षं नुसती वाचत आले, लिहितेय पहिल्यांदाच. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही ऑक्टोबरात नाशिकहून न्यू जर्सीला आलो. नवऱ्याची बदली. लेकीची नववी तिकडे झाली (एसएससी बोर्ड, इंग्रजी माध्यम), जूनपासून दहावीही सुरू झाली होती. क्लासची वर्षभराची फी भरलेली, ती अर्थातच बुडाली. निघताना प्रत्येकाने ऐकवलं, "बोर्डाचं वर्ष, आत्ता कशाला हलवताय पोरीला?" आणि आम्ही प्रत्येकाला सांगितलं की तिकडे बोर्ड वगैरे काही भानगड नसते, उलट सुटली बिचारी.

सुटली म्हणते मी! आमच्या फ्रिजवर कालनिर्णय आहे. नाशिकला त्याच्या चौकटींत मी दुधाचा हिशेब लिहायचे. इथे परीक्षा लिहिते. शाळेचा तिसरा दिवस आणि पीएसएटी, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या एसएटी परीक्षेची रंगीत तालीम. त्याच आठवड्यात इंग्रजी येतं का बघायची परीक्षा, कारण प्रवेशाच्या फॉर्मवर "घरी कुठली भाषा बोलता" याच्यापुढे मी खरं ते लिहिलं, मराठी. पोरगी बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात, पण हेडफोन लावून तासभर तिने चित्रातल्या मुलाच्या हातात काय आहे ते सांगितलं. मग बेंचमार्क नावाचा प्रकार, गणित आणि इंग्रजी दोन्हीचा. तोच आता जानेवारीत पुन्हा आहे आणि म्हणे वसंतातही असतो. पुढच्या आठवड्यात मिडटर्म. मे महिन्यात राज्याची परीक्षा. शिवाय दर शुक्रवारी क्विझ असतेच, ती मी लिहायचीच सोडून दिली.

बरं, यातली खरी कुठली? नापास झालं तर वर्ष जाईल अशी? समुपदेशक बाईंनी एक छापील कागद दिला. वर १२० क्रेडिट आणि खाली विषयांची उतरंड. त्यात व्यायामाचे दरवर्षी ३.७५. पावणेचार! पीटीचे पावणेचार क्रेडिट नसतील तर डिप्लोमा (म्हणजे हायस्कूल पूर्ण झाल्याचा दाखला) नाही, असं बाई हसत हसत म्हणाल्या, मला वाटलं गंमत करतायत. शेवटी एक ओळ: अकरावीत एनजेजीपीए (डिप्लोमासाठीची राज्याची परीक्षा) पास.

आणि मुख्य दुखणं वेगळंच. नववीत गणितात ७८ होते. आमच्या घरी त्याचे पेढे वाटले नसले तरी रडारडही झाली नव्हती. इथे ७८ म्हणजे सी प्लस म्हणून चढवणार म्हणतात. शिवाय तिला अल्जिब्रा वनला बसवलंय, नववीच्या मुलांबरोबर. ती म्हणते, आई हे सगळं मला येतं, मी मागे बसून चित्रं काढते.

नववीचं नक्की काय काय धरतात? ती अकरावीची परीक्षा म्हणजे आपली दहावीच का? आणि एवढ्या परीक्षा घ्यायला काही धरबंध आहे की नाही? मैत्रीण म्हणाली अमेरिकेत परीक्षांवर कायद्याने मर्यादा असते. असेल तर ती माझ्या कालनिर्णयपर्यंत अजून पोचलेली नाही.

---

एकच_पेपर · १२ जानेवारी

ताई, म्हणून म्हणतो आपली दहावी बरी. मार्चमध्ये एकदा काय ती परीक्षा, पस्तीसला पास, जूनमध्ये पेढे. इथे चार वर्षं रोज थोडंथोडं मारतात. माझ्या मुलाचं हायस्कूलचं ग्रॅज्युएशन झालं त्या दिवशीसुद्धा मला खात्री नव्हती की हा पास आहे.

---

खडूवाली · १३ जानेवारी

गोदाकाठ, मी न्यू जर्सीतच हायस्कूलला गणित शिकवते, हे सोळावं वर्ष. (शाळेचं नाव इथे लिहू नका हं, तुमचंही नको आणि माझंही नको.) सविस्तर लिहिते, शाळेला आज बर्फाची सुट्टी आहे.

आधी अल्जिब्रा वनचं, कारण ते तातडीचं आहे. उद्याच ईमेल टाका. आपल्या नववीत गणित भाग १ आणि भाग २ असतं, म्हणजे बीजगणित आणि भूमिती शेजारी शेजारी. इथे ती दोन वेगळी वर्षं आहेत: अल्जिब्रा वन, मग जॉमेट्री, मग अल्जिब्रा टू. समुपदेशकाला गुणपत्रिकेवर नुसतं "मॅथेमॅटिक्स" दिसतं, तो बिचारा सुरक्षित म्हणून पहिल्या पायरीवर बसवतो. दोन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिकेची पानं काढा. बालभारतीच्या साइटवर इंग्रजी आवृत्ती मिळते. ती जोडा आणि "प्लेसमेंट टेस्ट द्या" असं लिहून मागा. होय, आणखी एक परीक्षा! पण ही तुमच्या फायद्याची. दुसरं सत्र सुरू व्हायच्या आत वर्ग बदलता आला तर बदला, एकदा फेब्रुवारी उजाडला की शाळा हलायला तयार नसतात.

आता क्रेडिट. याचा गुणांशी संबंध कमी, किती वेळ वर्गात बसलात याच्याशी जास्त. वर्षभराचा रोजचा एक विषय म्हणजे ५ क्रेडिट, पास झालात की मिळाले, ६५ असोत नाहीतर ९८. १२० म्हणजे चार वर्षांत असे २४ विषय. त्यात इंग्रजीचे २०, म्हणजे चारही वर्षं सुटका नाही. गणित १५, विज्ञान १५, सामाजिक शास्त्रं १५. कला ५, करिअरचं काहीतरी ५, परकी भाषा ५, पैशांचं व्यवहारज्ञान २.५. आणि तुमचे ते पावणेचार, आठवड्याला १५० मिनिटं आरोग्य आणि व्यायाम. समुपदेशक बाई गंमत करत नव्हत्या. कॅल्क्युलसमध्ये पैकीच्या पैकी मिळवणारा माझा एक विद्यार्थी बारावीच्या मेमध्ये एकटा मैदानाला फेऱ्या मारत होता, कारण अकरावीत त्याने जिमच्या तासाला दांड्या मारल्या होत्या. मी खिडकीतून बघायचे. त्याला एमआयटीला जायचं होतं, आणि गेलाही.

परदेशातून आलेल्या वर्षाचं काय धरायचं हे राज्य नाही, तुमचा शाळा-जिल्हा (तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारं मंडळ) ठरवतो. त्यामुळे बोलायला जागा आहे. लक्ष कुठे ठेवायचं ते सांगते. आपलं नववीचं विज्ञान म्हणजे भौतिक, रसायन, जीव सगळं एकत्र, पण इथे त्याचे एकाच विषयाचे ५ मिळतात, तीन विषयांचे १५ नाही. राज्याला जीवशास्त्राचं वर्ष वेगळं हवं असतं. इतिहासात अमेरिकेच्या इतिहासाची दोन वर्षं राज्याच्या कायद्यानेच लागतात, ती तिला इथे करावीच लागतील. जगाचा इतिहास ५. आपल्या नववीच्या पुस्तकात आहे १९६० नंतरचा भारत. तो जगाच्या इतिहासात बसवायचा का, यावर मी दोन समुपदेशकांना वाद घालताना ऐकलंय. मागून बघा. परकी भाषा मात्र मुळीच सोडू नका. गुणपत्रिकेवर मराठी आणि हिंदी किंवा संस्कृत असेलच ना? त्यावर ५ क्रेडिट मिळायला हवेत. नाहीतर पोरगी विनाकारण स्पॅनिश वन करत बसेल. (तिला आवडत असेल तर वेगळं.)

७८ चं. याला एकच उपाय आणि तो मागितल्याशिवाय कोणी देत नाही. नववीचे विषय अक्षरश्रेणी न लावता फक्त "पी", म्हणजे पास, असे चढवायला सांगा. क्रेडिट मिळतं आणि जीपीएमध्ये, म्हणजे श्रेणींच्या सरासरीत, ते धरलं जात नाही. एसएससीचे ७८ आणि इथले ७८ यांची मोजपट्टीच वेगळी. इथे गृहपाठ, वहीची टापटीप, पुन्हा दिलेली क्विझ, सगळं धरून ९० होतात. हे बाईंना समजावून सांगा, त्यांना खरोखर माहीत नसतं.

आता एनजेजीपीए. नाही, ही आपली दहावी नाही. अकरावीच्या मार्चमध्ये असते. इंग्रजीचे दोन भाग, गणिताचे दोन, प्रत्येकी ९० मिनिटं, सगळं संगणकावर. गणितात अल्जिब्रा वन आणि जॉमेट्री एवढंच. गुण ६५० ते ८५० या पट्टीवर आणि ७२५ ला पास. नाही जमलं तर एसएटी, एसीटी किंवा अक्युप्लेसर या कॉलेजसाठीच्या परीक्षांचे ठरावीक गुण दाखवता येतात, तेही नसतील तर मुलाच्या कामाची फाइल करून राज्याकडे पाठवता येते. पण आधी परीक्षेला बसावं लागतं, "आम्ही बसतच नाही, थेट फाइल देतो" हे चालत नाही. तुमच्या लेकीला ही जड जाणार नाही. तिची काळजी करू नका.

काळजी नियम बदलण्याची करा. म्हणजे करून उपयोग नाही, पण माहीत असू द्या. अकरावीतच का, तर राज्याच्या जुन्या कायद्यात "अकरावीची परीक्षा" असे शब्द आहेत म्हणून. मधल्या काळात राज्याने पार्क नावाच्या परीक्षेचे नववी-दहावीचे पेपर ग्रॅज्युएशनला लावले होते. ३१ डिसेंबर २०१८ ला अपील कोर्टाने ते रद्द केलं, कायद्यात बसत नाही म्हणून. सुट्टीवरून परत आलो तर वर्गातली मुलं विचारतायत, मिस, आमचं काय, आणि मला काही माहीत नाही. २०२३ च्या बॅचचं तर आणखी मजेशीर. त्यांनी मार्च २०२२ मध्ये एनजेजीपीए दिली, तीही पहिलीवहिली. जुलैमध्ये कायदा झाला की ही नुसती चाचणी होती, तुमच्या डिप्लोमासाठी धरणार नाही. एका मुलीने तेव्हा तीन आठवडे माझ्याकडे शाळा सुटल्यावर बसून भूमिती पक्की केली होती. निरोप कळल्यावर मला लिहिते, "मग मी ते काटकोन त्रिकोण परत देऊ का?"

मर्यादेचं उद्या लिहिते, बाहेर बर्फ उपसायचाय.

---

टेक्सासकर · १३ जानेवारी

खडूवाली मॅडमनी न्यू जर्सीचं सगळं सांगितलंच आहे, मी आमच्या टेक्सासचं थोडं घालतो. ताई, तुमची पुढे कधी बदली झाली तर उपयोगी पडेल. इथे राज्य बदललं की देश बदलल्यासारखंच असतं.

आमच्याकडे ग्रॅज्युएशनला स्टार नावाच्या राज्याच्या पाच परीक्षा आहेत: अल्जिब्रा वन, इंग्लिश वन, इंग्लिश टू, बायोलॉजी, अमेरिकेचा इतिहास. ज्या वर्षी तो विषय घेतला त्याच वर्षी परीक्षा. आधी अशा पंधरा होणार होत्या! पालकांनी इतका आरडाओरडा केला की २०१३ मध्ये कायदा करून पाचावर आणल्या. २०१५ पासून पाचांपैकी दोनपर्यंत राहिल्या तरी शाळेची समिती बसते, मुलाचं बाकीचं काम बघते आणि डिप्लोमा देऊ शकते.

त्याच २०१३ च्या कायद्यात तुम्ही विचारताय तशी मर्यादाही आहे. राज्याच्या परीक्षेची तयारी म्हणून जिल्ह्याला एका विषयाच्या दोनच बेंचमार्क घेता येतात. ऐकायला छान. माझ्या धाकट्याच्या शाळेत बेंचमार्क दोनच होतात. शिवाय चार "चेकपॉइंट" होतात. मी मीटिंगमध्ये विचारलं, या दोन्हींत फरक काय. उत्तर मिळालं की चेकपॉइंट शिक्षकांच्या माहितीसाठी असतात. प्रश्न तसेच, संगणक तोच, वेळही तितकाच. नाव तेवढं बदललं.

पण आमच्याकडे माणूस अडकतो तो परीक्षेत नाही, हजेरीत. वर्गाच्या दिवसांपैकी ९० टक्के हजर नसाल तर क्रेडिट मिळत नाही, मग ए असला तरी. मी हे भोगलंय. मेहुण्याचं लग्न कोल्हापूरला, डिसेंबरची सुट्टी जोडून आम्ही जानेवारीचे तीन आठवडे राहिलो. वर मोठ्याला परत आल्यावर ताप. मार्चमध्ये पत्र: रसायनशास्त्रात ९४ आहेत, क्रेडिट नाही. मग हजेरी समितीपुढे जा, कारणं द्या आणि शनिवारी सकाळी शाळेत बसून तास भरून काढ. पोरगा सहा शनिवार रिकाम्या वर्गात बसून मोबाइल खिशात ठेवून भिंतीकडे बघत होता. त्याला शिकवायला कोणी नव्हतं, नुसतं बसायचं. मॅडम म्हणाल्या ना, क्रेडिट म्हणजे बसण्याचा वेळ, ते आम्हाला असं कळलं.

तेव्हा लग्नकार्याला जाताना आधी दिवस मोजा.

---

चार्ल्सकाठचा_भाऊ · १४ जानेवारी

मॅसॅच्युसेट्समधून. आमच्याकडे नुकतंच मोठं झालं, तुम्ही बातम्यांत ऐकलंच असेल. २००३ च्या बॅचपासून दहावीतली एमकॅस ही राज्याची परीक्षा पास झाल्याशिवाय डिप्लोमा नव्हता. नोव्हेंबरमध्ये अध्यक्षाच्या निवडणुकीबरोबरच त्या अटीवर मतदान झालं, प्रश्न क्रमांक २, आणि ५९ टक्क्यांनी ती अट काढून टाकली. शिक्षक संघटना अट काढण्याच्या बाजूने, गव्हर्नर बाई विरोधात. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंचे फलक होते आणि आमच्या घरातही. बायको म्हणाली काढा, मी म्हणालो राहू दे.

माझं म्हणणं असं की सगळ्या गावांना एकच पट्टी हवी. तिचं म्हणणं, जी पोरं अडकतात ती शंभरात एखादं, आणि ती कोण असतात ते बघ: नुकतीच देशात आलेली, इंग्रजी न येणारी, नाहीतर शिकण्यात काही अडचण असणारी. ती स्वतः शाळेत मदतनीस आहे, त्यामुळे माझं तोंड बंद झालं. मत मात्र मी माझंच दिलं.

पण गंमत पुढेच आहे. मुलगा दहावीत. निकाल लागल्यावर तो नाचत आला, "बाबा, एमकॅस गेली!" गेली नाही रे बाळा. डिप्लोमाची अट गेली. परीक्षा वसंतात आहेच, कारण केंद्राच्या कायद्याने हायस्कूलात एकदा तरी इंग्रजी-गणिताची राज्य परीक्षा घ्यावीच लागते. आता पास व्हायची सक्ती नाही, बसायची आहे. त्याने विचारलं, मग मी मन लावून का सोडवू? मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

---

खडूवाली · १४ जानेवारी

भाऊ, हाच प्रश्न मलाही वर्गात विचारतात. मी सांगते की रिकाम्या बसण्यापेक्षा गणितं सोडवून वेळ बरा जातो. हे अगदी खरं आहे, दीड तास मोबाइल नसतो.

हं, मर्यादा. केंद्राचा २०१५ चा कायदा म्हणतो: तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणित, हायस्कूलात एकदा, आणि विज्ञान तीन टप्प्यांत एकेकदा. शंभरातल्या ९५ मुलांनी तरी बसलं पाहिजे. त्याच कायद्यात राज्यांना मुभा आहे की परीक्षांच्या एकूण वेळेवर हवी तर मर्यादा घाला. सक्ती नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात ओबामांनी २ टक्के हा आकडा सुचवला, वर्गातल्या वेळेच्या २ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ परीक्षांत जाऊ नये. त्याच सुमारास मोठ्या शहरांच्या शाळा-जिल्ह्यांच्या परिषदेने मोजदाद केली होती: बालवाडीपासून बारावीपर्यंत एक मूल सरासरी ११२ सक्तीच्या प्रमाणित परीक्षा देतं. गोदाकाठ, तुमचं कालनिर्णय बरोबर आहे. फ्लोरिडाने त्याच वर्षी ५ टक्क्यांची मर्यादा घातली. न्यूयॉर्कने एक वर्ष आधीच, राज्याच्या परीक्षांना १ टक्का, स्थानिक परीक्षांना १ टक्का आणि तयारीला २.

आता हिशेब करून बघा. १८० दिवस, रोजचे साडेसहा तास, म्हणजे ११७० तास. त्याचे २ टक्के म्हणजे साधारण २३ तास. एनजेजीपीए आहे ६ तासांची. मर्यादेत आरामात बसते! मग शाळेचा मार्च महिना का जातो?

मी सांगते का जातो. आदल्या दिवशी मी वर्गातल्या भिंती झाकते. खाकी कागदाचा मोठा रोल येतो आणि भिंतीवर जे जे काही शिकवणारं आहे ते सगळं झाकायचं. पायथागोरस झाकला. वर्तुळाच्या भागांची नावं मुलींनी रंगवली होती, झाकली. वर्गमूळांचा तक्ता झाकला. घड्याळ राहू दिलं. गेल्या वर्षी एका मुलाने विचारलं, "मिस, तुम्ही घर बदलताय का?" मग लॅपटॉप चार्ज झाले का बघा, फोन पाकिटांत घालून नावं लिहा, ज्यांना जास्त वेळ मंजूर आहे ती मुलं वाचनालयात न्या. म्हणजे वाचनालय तो आठवडाभर बंद. त्यांच्यावर देखरेखीला जे शिक्षक बसले त्यांचे नववी-दहावीचे तास बुडाले, त्या मुलांना सभागृहात बसवून सिनेमा. आजारी मुलांची परीक्षा पुढच्या आठवड्यात, तेव्हा हे सगळं पुन्हा. सूचना मात्र छापील शब्दांतच वाचायच्या, एक शब्द इकडेतिकडे नाही. कायद्याचं घड्याळ मूल पडद्यासमोर बसलं की सुरू होतं आणि उठलं की थांबतं. सिनेमा बघणाऱ्या पोरांचा वेळ त्यात कुठेच येत नाही. तयारीच्या सहा आठवड्यांना तर आम्ही "उजळणी" म्हणतो, टेक्सासकरांच्या चेकपॉइंटसारखंच.

म्हणून मला विचाराल तर टक्केवारीची मर्यादा कागदावरची आहे. मला खरी मर्यादा हवी आहे ती बेंचमार्कवर. वर्षातून तीनदा जी घेतात ती ना राज्याने मागितली ना केंद्राने, जिल्ह्याने विकत घेतलेली असते. तिचा निकाल माझ्याकडे येतो तोवर मी तो धडा संपवून पुढे गेलेली असते. शुक्रवारच्या क्विझला नावं ठेवू नका मात्र, ती मी करते, रात्री बसून तपासते, आणि सोमवारी कोणाला काय पुन्हा सांगायचं ते मला तिच्यातूनच कळतं.

आणि @एकच_पेपर, तुमच्या मार्चच्या पेपरबद्दल. दहावीला मी भूमितीच्या पेपरच्या दिवशी १०२ ताप घेऊन बसले होते. सेहेचाळीस मिळाले. आज त्याच विषयाची शिक्षिका आहे. इथे एक दिवस आजारी पडलं तर पुढच्या आठवड्यात देता येते, एवढं तरी बरं म्हणा.

---

एकच_पेपर · १४ जानेवारी

म्हणतो. सेहेचाळीस माझेही होते, ताप नसताना.

---

गोदाकाठ · १५ जानेवारी

खडूवालीताई, किती सविस्तर लिहिलंत! नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. ईमेल टाकली, अनुक्रमणिका जोडल्या, "पी" चंही लिहिलं. एक राहिलं. इंग्रजीच्या त्या परीक्षेत तिला "पास" आलं म्हणाले, पण कागद काही दिला नाही. आता दरवर्षी द्यावी लागेल का?

---

खडूवाली · १५ जानेवारी

ती सुरुवातीची चाळणी होती. तिच्यात पार झाली असेल तर इंग्रजी शिकणाऱ्यांच्या यादीत नाव जात नाही, आणि दरवर्षीची ॲक्सेस नावाची लांबलचक परीक्षाही नाही. पण निकाल लेखी मागून फाइलला लावा. तोंडी "पास" वर अजिबात विसंबू नका, मी एका मुलाला सलग दोन वर्षं चुकून त्या खोलीत बसलेला बघितलंय. तो गुजराती होता आणि आमच्या वादविवाद संघाचा कप्तान.

---

गोदाकाठ · २३ जानेवारी

आज मीटिंग झाली, कळवायला आले. प्लेसमेंट टेस्ट दिली, सोमवारपासून जॉमेट्री. ती खूश, पण चित्रं काढायला आता वेळ मिळणार नाही म्हणते. इंग्रजीचा निकाल छापून घेतला. नववीचे सगळे विषय "पी" म्हणून चढवायला बाई तयार झाल्या, पण वरिष्ठांची सही बाकी आहे. मराठीचे ५ मिळाले. विज्ञानाचे ५, तुम्ही म्हणालात तसेच. इतिहासावर त्या अडल्या, "१९६० नंतरचा भारत" वाचून विचार करते म्हणाल्या.

मग गुणपत्रिकेच्या तळाशी आल्या, जिथे आपण कधी बघतच नाही. श्रेणीचे विषय. "वॉटर सिक्युरिटी म्हणजे काय हो?" मी म्हटलं जलसुरक्षा, पाणी वाचवण्याबद्दल. त्यांनी डोळे मोठे केले, म्हणाल्या हे आमच्याकडे पाहिजे, पण क्रेडिट कुठे लावू कळत नाही. स्व-विकास व कलारसास्वाद यावर मात्र थांबल्या. कलेचे अडीच क्रेडिट देता येतील का बघते म्हणाल्या. आणि आरोग्य व शारीरिक शिक्षणाला "अ" होता, त्याचे पावणेचार धरले. त्या "अ" साठी सरांनी वर्षभरात मुलांना दोनदा मैदानावर नेलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.